गँट चार्टमधली एक पट्टी सरकवली, बाकीच्या ढिम्म! (मदत हवी आहे)

मधलीसुट्टी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे जुन्या बिलिंग सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जायचं काम चालू आहे. मी मुळात टेस्टिंगमधली. आधीचे प्रोजेक्ट मॅनेजर मध्येच सोडून गेले आणि "तुला सगळं माहीतच आहे की" म्हणत ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. त्यांनी मागे ठेवलेली एमएस प्रोजेक्टची (कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) फाईल हा एवढाच वारसा. त्यात गँट चार्ट: १४३ टास्क, प्रत्येकाची तारखांवर एक रंगीत पट्टी, कशानंतर काय ते दाखवणारे बाण, दिसायला एकदम झकास. दर सोमवारी ती स्क्रीनवर लावायची आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या, असा शिरस्ता आहे.

गेल्या आठवड्यात डेटा साफ करायचं काम ६ दिवस लांबलं. मी ती पट्टी ओढून ६ दिवसांनी वाढवली. वाटलं, मागची सगळी वरात पुढे सरकेल आणि गो-लाइव्हची, म्हणजे नवी सिस्टिम सुरू व्हायची, नवी तारीख दिसेल. हलल्या फक्त ४ पट्ट्या. गो-लाइव्ह जागच्या जागी. चार्ट आता असं सांगतोय की साफ व्हायच्या आधीच डेटा आम्ही नव्या सिस्टिममध्ये ओतणार आहोत.

याच्या उलटही घडलं. एक काम ३ दिवस आधी आटोपलं, तर त्याच्या पुढचं काम अलीकडे यायला तयार नाही. बाण लावलेला असूनसुद्धा!

फाईल बिघडली आहे, की मी काही मूर्खपणा करतेय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

उंटावरचा | सोमवार, रात्री ११:०५

फाईल डिलीट करा आणि भिंतीवर चिकटचिठ्ठ्या लावा. (पळतो आता.)

---

ओळंबा | मंगळवार, सकाळी ६:५०

फाईल ठणठणीत असणार. तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारींची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

मी बांधकामाच्या साइटवर प्लॅनिंग बघतो, २२ वर्षं झाली. आमच्याकडे सॉफ्टवेअर दुसरं, पण दुखणी हीच. तीन गोष्टी बघून सांगा.

टास्कच्या डावीकडे 'टास्क मोड' नावाचा कॉलम असतो. तिथे पुशपिनचं चिन्ह किती टास्कना आहे? पीन म्हणजे ते टास्क मॅन्युअल मोडमध्ये आहे. बाण असला तरी अशा टास्कची तारीख सॉफ्टवेअर स्वतःहून हलवत नाही. फार तर तारखेखाली लाल नागमोडी रेघ मारून कुरकुरतं. २०१०च्या आवृत्तीपासून नवीन टास्क मुळातच या मोडमध्ये तयार होतं, सेटिंग बदललं नाही तर. त्यामुळे बऱ्याच जणांच्या फायली नकळत पिनांनी भरलेल्या असतात.

त्याच्याच शेजारच्या इंडिकेटर कॉलममध्ये छोट्या कॅलेंडरचं चिन्ह कुठे दिसतं का? त्याचा अर्थ टास्कवर तारखेचं बंधन आहे. कुणीतरी स्टार्टच्या रकान्यात हाताने तारीख टाइप केली की सॉफ्टवेअर गुपचूप 'या तारखेच्या आधी सुरू करू नये' असं बंधन घालतं. मग आधीचं काम लवकर संपलं तरी हे काम अलीकडे येत नाही. तुमची दुसरी तक्रार ही असावी.

तिसरं म्हणजे, सक्सेसर (नंतरचं काम) हा कॉलम उघडा आणि कोरे रकाने मोजा. ज्या टास्कच्या पुढे काहीच जोडलेलं नाही ते कितीही लांबलं तरी कुणाला धक्का लागणार नाही. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शेवटचं माइलस्टोन (टप्पा गाठल्याची खूण) सोडलं तर एकही कोरा रकाना राहता कामा नये.

आकडे टाका, मग बोलू.

---

मधलीसुट्टी | मंगळवार, रात्री ९:१५

ओळंबाकाका (काका चालेल ना?), मोजले. हसू नका.

पिना ६१. कॅलेंडरं २७. पुढे काहीच न जोडलेली टास्क ३८.

आणि गो-लाइव्हचं माइलस्टोन उघडून बघितलं तर त्यावर 'याच तारखेला संपलंच पाहिजे' असं बंधन. म्हणजे वरून कितीही ढकललं तरी ते हलणारच नव्हतं!

---

ओळंबा | मंगळवार, रात्री १०:००

काका चालेल. ६१ म्हणजे काहीच नाही, मी ४०० पाहिल्यात.

तुमच्या आधीच्या माणसाने वेळापत्रक केलंच नव्हतं, चित्र काढलं होतं. तेच चित्र एक्सेलमध्येही निघालं असतं: स्टॅक्ड बार चार्ट घ्यायचा, पहिल्या सिरीजचा रंग उडवायचा, झाला गँट चार्ट. मीटिंगला दाखवायला ते पुरतं. पण 'हे ६ दिवस लांबलं तर काय होईल' असं विचारलं की चित्र गप्प बसतं. सॉफ्टवेअर पट्टीकडे बघतच नाही. कामाला किती दिवस, ते कशानंतर आणि कोणत्या कॅलेंडरवर, एवढं त्याला सांगायचं. तारखा त्याने काढायच्या. तुम्ही तारखा हाताने भरल्यात की त्याच्याकडे काढायला काही उरतच नाही.

आधी फाईलची कॉपी करा. मग सगळी टास्क निवडून ऑटो शेड्यूल करा. कन्स्ट्रेंट टाइपचा कॉलम लावा आणि जिथे खरोखर बाहेरचं कारण आहे (सर्व्हर अमुक तारखेला येणार, वगैरे) तेवढीच बंधनं ठेवा, बाकी सगळीकडे 'शक्य तितक्या लवकर'. गो-लाइव्हचं 'संपलंच पाहिजे' काढा आणि तीच तारीख टास्क इन्फॉर्मेशनमधल्या डेडलाइनच्या रकान्यात टाका. डेडलाइन कुणाला अडवत नाही. चार्टवर एक छोटा बाण दिसतो आणि काम त्यापलीकडे गेलं की लाल खूण येते.

मग ती ३८ टास्क जोडा. यात वेळ जाईल. हे एकटीने करू नका, ज्याचं काम त्याला शेजारी बसवून विचारा की "तुझं हे झालं की कुणाचं सुरू होतं?" आणि एक करू नका: समरी टास्कला, म्हणजे त्या काळ्या कंसासारख्या पट्टीला, बाण लावू नका. आतल्या टास्कना लावा, नाहीतर पुढे कोण कुणाला ढकलतंय ते शोधताना डोळे जातील.

---

बोरू | बुधवार, सकाळी ११:३०

छान चाललाय धागा. थोडं अवांतर.

'चित्र की वेळापत्रक' हा घोळ गँट चार्टच्या जन्मापासूनचा आहे. हेन्री गँट (१८६१–१९१९) हे अमेरिकन यांत्रिक अभियंते, फ्रेडरिक टेलर यांचे सहकारी. १९१०च्या दशकात त्यांनी जे तक्ते रूढ केले ते कारखान्यातले: कोणत्या मशीनवर किती काम ठरलं होतं, प्रत्यक्षात किती झालं, कोणता कामगार कुठे अडला. एका पट्टीतून दुसरीकडे जाणारे बाण त्यात नव्हते. त्यांच्याही आधी, १८९६च्या सुमारास, कारोल अदामियेत्स्की या पोलिश अभियंत्याने 'हार्मोनोग्राम' तयार केला होता आणि त्यात कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते नोंदवायची सोय होती. पण नाव गँट यांचं लागलं.

कामांचं जाळं मांडून तारखा गणिताने काढायची पद्धत त्यानंतर बऱ्याच काळाने आली. १९५७च्या सुमारास ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड यांच्या माणसांनी क्रिटिकल पाथ पद्धत बसवली आणि जवळजवळ त्याच वेळी अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात पर्ट (अशाच जाळ्यावर चालणारी पद्धत) तयार झालं. आजची सॉफ्टवेअर आतून हे नेटवर्कचं गणित करतात आणि वरून गँट यांची पट्टी दाखवतात. मधलीसुट्टी यांच्या फाईलमध्ये वरची पट्टी तेवढी होती.

अवांतर समाप्त.

---

खटपट्या | बुधवार, दुपारी १:१०

वाचनखूण साठवली.

ज्यांच्याकडे एमएस प्रोजेक्टचं लायसन्स नाही त्यांच्यासाठी: प्रोजेक्टलिब्रे मुक्तस्रोत आहे आणि एमएस प्रोजेक्टच्या एमपीपी फायली उघडतो. गँटप्रोजेक्ट आणखी हलका आहे, ३०-४० टास्कचं काम असेल तर मी तोच वापरतो. प्रोग्रामर मंडळींना मर्मेड आवडेल: साधा मजकूर लिहायचा, अमुक काम तमुक कामानंतर इतके दिवस, आणि चार्ट आपोआप. त्यात काय बदललं ते गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ओळीने दिसतं, हे मला फार भावतं.

पण क्रिटिकल पाथ म्हणजे नक्की काय, ते मला अजूनही धड समजलेलं नाही. चार्टवर त्याच्या लाल पट्ट्या दिसतात, त्या म्हणजे महत्त्वाची कामं, असंच ना?

---

ओळंबा | बुधवार, रात्री ९:४०

@खटपट्या, नाही. लाल म्हणजे ज्यांना उसंत नाही ती कामं. महत्त्वाशी त्याचा संबंध नाही. अग्निशमनाची चाचणी अत्यंत महत्त्वाची असते, पण तिला ४० दिवसांची उसंत असेल तर ती लाल होणार नाही.

मधलीसुट्टी यांच्याच कामातलं छोटं उदाहरण घेतो, आकडे माझ्या मनाचे. डेटा साफ करणं ८ दिवस. फील्डची जुळवणी (जुन्या सिस्टिममधला कोणता रकाना नव्यातल्या कोणत्या रकान्यात, ते ठरवणं) ५ दिवस. दोन्ही पहिल्या दिवशी सुरू. दोन्ही झाली की मायग्रेशन (डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवणं) ६ दिवस, मग टेस्टिंग ५ दिवस. जुळवणी झाली की ट्रेनिंगही सुरू होऊ शकतं, ३ दिवस. टेस्टिंग आणि ट्रेनिंग दोन्ही झालं की गो-लाइव्ह.

साफसफाई ८, मायग्रेशन ६, टेस्टिंग ५: एकूण १९ दिवस. हा सगळ्यात लांब रस्ता, म्हणून हा क्रिटिकल. ट्रेनिंग आठव्या दिवशी संपतं, गो-लाइव्ह एकोणिसाव्याला, म्हणजे ट्रेनिंगला ११ दिवसांची उसंत. यालाच फ्लोट किंवा स्लॅक म्हणतात.

आता जुळवणीकडे बघा. ती पाचव्या दिवशी संपते आणि मायग्रेशनला ती आठव्या दिवसापर्यंत झाली तरी चालते. टोटल फ्लोट (गो-लाइव्हला धक्का न लावता मिळणारी उसंत) ३. पण फ्री फ्लोट (लगेच पुढच्या कामालाही धक्का न लावता मिळणारी) शून्य! कारण तिच्या पाठीला पाठ लावून ट्रेनिंग ठेवलंय. जुळवणी २ दिवस लांबली तर गो-लाइव्हला काही होणार नाही, पण ट्रेनिंगला बोलावलेल्या माणसांच्या तारखा बदलतील आणि तुम्हाला चार फोन करून माफी मागावी लागेल. लोक टोटल फ्लोट बघून "३ दिवस आहेत की" म्हणतात आणि इथे फसतात.

अजून एक. कुणी म्हणालं, साफसफाईला जादा माणूस देतो, ८चे ४ दिवस करा. किती दिवस वाचतील?

---

खटपट्या | बुधवार, रात्री ९:५२

४. हा काय प्रश्न झाला?

---

ओळंबा | बुधवार, रात्री १०:०५

३. साफसफाई ४ दिवसांत झाली तरी जुळवणी ५ दिवस चालणारच. मायग्रेशन सहाव्या दिवशी सुरू, एकूण ५+६+५ म्हणजे १६. चौथ्या दिवसासाठी लावलेली माणसं फुकट गेली, कारण क्रिटिकल पाथ उडी मारून जुळवणीवर गेला. हे पट्ट्या बघून कळत नाही, जोडण्या असतील तर सॉफ्टवेअर एका क्षणात सांगतं.

---

खटपट्या | बुधवार, रात्री १०:०९

__/\__

---

उंटावरचा | गुरुवार, सकाळी १०:२०

परत आलो. आता गंभीरपणे.

वरचं सगळं मान्य, पण ८ दिवस, ५ दिवस हे आकडे येतात कुठून? सॉफ्टवेअरच्या कामात निम्म्या गोष्टी करायला घेतल्यावरच कळतात. अंदाजावर अंदाज रचायचा आणि तारीख मात्र अगदी मंगळवारची काढायची, याला काय अर्थ आहे? आमच्या टीमचा गँट चार्ट बनवायला एक माणूस आठवड्यातला दीड दिवस खर्च करायचा. शेवटी त्या चार्टची देखभाल हेच एक टास्क होऊन बसलं, आणि चार्टमध्ये नेमकं तेवढंच नव्हतं.

अजून एक गणित. समजा तीन कामं समांतर चालली आहेत आणि प्रत्येक वेळेवर व्हायची शक्यता ८० टक्के. तिन्ही झाल्यावर पुढचं माइलस्टोन. ते वेळेवर व्हायची शक्यता किती? लोक ८० समजतात. ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२. नाणं उडवा, तेवढंच. पाच कामं असतील तर ३३ टक्के. हे तुमच्या चार्टमध्ये कुठे दिसतं?

---

ओळंबा | गुरुवार, दुपारी २:००

दिसत नाही, कबूल. म्हणूनच जिथे खूप बाण येऊन मिळतात त्या माइलस्टोनच्या आधी मी मोकळे दिवस ठेवतो, आणि ते टास्क म्हणून उघडपणे ठेवतो. प्रत्येक कामात गुपचूप दोन-दोन दिवस चोंदून ठेवले की ते दिवस त्या-त्या कामातच जिरतात, कुणाला वाचल्याचं दिसत नाही.

बाकी तुमच्या टीमला गँट नको असेल तर नको. पुढच्या दोन-तीन आठवड्यांची कामं बारीक, त्यापुढची मोठ्या ठोकळ्यांत, असं आम्हीही करतो. सहा महिन्यांनी होणाऱ्या रंगकामाचे भिंतीगणिक टास्क आत्ता कोण पाडत बसतो? पण बिलिंगसारखी सिस्टिम बदलताना चार वेगळी खाती एकमेकांसाठी थांबलेली असतात. तिथे चिकटचिठ्ठी कुणी थांबवलंय ते सांगते, किती दिवस थांबायचं ते सांगत नाही.

---

उंटावरचा | गुरुवार, दुपारी २:३०

हम्म. खाती एकमेकांसाठी थांबलेली असतात हा मुद्दा पटला. बाकीचा दीड दिवस पटलेला नाही.

---

मधलीसुट्टी | शुक्रवार, रात्री ११:२०

मंडळी, दोन दिवस बसून सगळं जोडलं. एकेकाला शेजारी बसवलं, काकांनी सांगितलं तसं. त्यात एक भन्नाट गोष्ट कळली: डेटाबेसवाला आणि रिपोर्टवाली दोघंही एकाच नमुना फाईलची वाट बघत होते आणि ती बनवायचं टास्कच कुठे नव्हतं!

मग ऑटो शेड्यूल केलं आणि गो-लाइव्ह १९ दिवस पुढे गेलं. एकोणीस. मी लॅपटॉप मिटवून ठेवला.

सोमवारी हे कसं दाखवू? माझ्याच हाताने १९ दिवस उशीर झाल्यासारखं दिसतंय.

---

शून्यफ्लोट | शनिवार, सकाळी ८:१५

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. घाबरू नका ताई, पहिल्यांदा जोडल्यावर नेहमीच असं होतं, कारण आपण जरा जास्तच जोडतो. दोन जागा तपासा.

एक म्हणजे लॅग, दोन कामांच्या मध्ये ठेवलेली वाट बघायची मुदत. "क्लायंटच्या मंजुरीला आठवडा लागतो" म्हणून ७ दिवसांचा लॅग टाकला असेल तर सॉफ्टवेअर ते ७ कामाचे दिवस धरतं. पाच दिवसांच्या आठवड्यात ते कॅलेंडरचे ९ दिवस होतात, मध्ये दोन शनिवार-रविवार आले तर ११. वाट बघणं सुट्टीच्या दिवशीही चालूच असतं. तिथे इलॅप्स्ड दिवस वापरा, लॅगमध्ये इंग्रजीत डीच्या आधी ई लावायचा. ओळंबाकाकांच्या काँक्रीटला हे बरोब्बर माहीत असतं, ते रविवारीसुद्धा पक्कं होतं.

दुसरं म्हणजे 'हाच माणूस आहे म्हणून जोडलं' असे बाण. टेस्टिंग आणि ट्रेनिंगची तयारी यांचा कामाच्या दृष्टीने संबंध नाही, पण दोन्ही एकाच बाईकडे म्हणून एकामागे एक लावली, असं काही केलंय का?

---

मधलीसुट्टी | शनिवार, सकाळी ९:४०

केलंय. बऱ्याच ठिकाणी. आणि मंजुरीचे लॅग चार आहेत, चारही ७ दिवसांचे. अरे देवा.

---

ओळंबा | शनिवार, सकाळी १०:१०

शून्यफ्लोट यांच्याशी सहमत. माणसासाठी लावलेले बाण काढा. माणूस कामांना नेमून द्या आणि रिसोर्स लेव्हलिंग चालवा. एकाच माणसाकडे एकाच वेळी ५-५ दिवसांची दोन कामं असतील तर नेटवर्कचं गणित ५ दिवस सांगतं, कारण त्याला माणसं दिसत नाहीत. लेव्हलिंग त्यातलं एक मागे ढकलून १० करतं.

---

शून्यफ्लोट | शनिवार, सकाळी १०:४५

इथे काका, थोडी असहमती. लेव्हलिंगने कुठलं काम मागे ढकललं ते दरवेळी मनासारखं येत नाही, आणि १४० टास्कच्या फाईलवर बटण दाबल्यावर काय काय हललं ते शोधण्यात दुपार जाते. मी माणसासाठीचे बाण ठेवतो, पण नोट्समध्ये 'माणूस' असा शब्द टाकतो. उद्या दुसरा माणूस मिळाला की फिल्टर लावून तेवढेच बाण तोडता येतात.

---

ओळंबा | शनिवार, सकाळी ११:००

शिस्त असेल तर चालेल. माझ्या साइटवर ती नोट कुणी लिहीत नाही, आणि दोन वर्षांनी तो बाण का आहे हे देवालाही सांगता येत नाही.

---

मधलीसुट्टी | रविवार, संध्याकाळी ७:३०

लॅग सुधारले, माणसाचे बाण सोडवले (शून्यफ्लोट पद्धतीने, नोट लिहून). १९चे ११ झाले.

मग रिपोर्टवाल्यांशी बोलले. सगळे रिपोर्ट होईपर्यंत टेस्टिंग थांबायची गरज नाही म्हणाल्या, पहिले सहा झाले की सुरू करता येईल. म्हणून फिनिश-टू-स्टार्टचं (आधीचं संपलं की पुढचं) स्टार्ट-टू-स्टार्ट (आधीचं सुरू झालं की पुढचं) केलं आणि ६ दिवसांचा लॅग दिला. ५ दिवस वाचले. आता गो-लाइव्हच्या टोटल स्लॅकच्या रकान्यात −६ दिसतंय. डेडलाइन टाकल्यामुळे उणे आलं, बरोबर ना?

मायग्रेशनवर अजून एक डेव्हलपर टाकून बघितला, तर १० दिवसांचं काम एका झटक्यात ५ झालं. एवढं सोपं असेल यावर विश्वास बसला नाही, म्हणून अन्डू केलं.

---

ओळंबा | रविवार, रात्री ८:१५

उणे बरोबर आहे. काम डेडलाइनच्या ६ दिवस पलीकडे चाललंय, म्हणजे तेवढे दिवस कुठूनतरी काढायचेत.

अन्डू केलंत ते झकास. त्या टास्कला 'एफर्ट ड्रिव्हन'ची खूण असणार. तिथे एकूण काम स्थिर धरलं जातं: १० दिवस गुणिले ८ तास म्हणजे ८० तास. दोघांत वाटले, ४०-४०, झाले ५ दिवस. भागाकार बरोबर, पण नव्या माणसाला तुमचा डेटा समजावण्यात जुन्याचे दोन दिवस जातात ते त्यात कुठे धरलेत? खड्डा खणायचा असेल तर भागाकार चालतो. दुसरा माणूस घ्यायचाच असेल तर ड्युरेशन त्या दोघांना विचारून हाताने टाका. ते सात म्हणाले तर सात.

उद्या जायच्या आधी बेसलाइन (आत्ताच्या वेळापत्रकाची गोठवलेली नोंद, पुढे तुलना करायला) सेट करा. फाईलमध्ये ११पर्यंत ठेवता येतात, पण मूळची पहिली कधीही पुसू नका. उशीर झाला की नवी बेसलाइन घेऊन सगळं पुन्हा हिरवं करणारे महाभाग मी पाहिलेत. एका कामाला तर दर महिन्याला नवी बेसलाइन घेतली जायची. ते काम कागदावर शेवटपर्यंत वेळेवर होतं.

---

शून्यफ्लोट | रविवार, रात्री ८:४०

आणि प्रगती विचारताना टक्के विचारू नका ताई. "९० टक्के झालं" हे वाक्य सलग तीन आठवडे ऐकू येतं. "अजून किती दिवस लागतील?" विचारा आणि उत्तर रिमेनिंग ड्युरेशनमध्ये टाका. आमच्याकडे एकाने ९० टक्के सांगितलं होतं, हा प्रश्न विचारल्यावर डोकं खाजवून म्हणाला, "आठ दिवस." मूळ काम दहा दिवसांचं.

अजून एक खोडी आहे. एमएस प्रोजेक्टमध्ये आजच्या रेषेच्या डावीकडे अपूर्ण काम तसंच राहू शकतं. म्हणजे जे काम गेल्या मंगळवारी व्हायचं होतं आणि झालं नाही, ते गेल्या मंगळवारीच होणार असं सॉफ्टवेअर निवांत धरून चालतं. अपडेट प्रोजेक्टमध्ये जाऊन उरलेलं काम स्टेटस डेटच्या (ज्या तारखेपर्यंतची प्रगती नोंदवली ती) पुढे ढकलावं लागतं. प्रत्येक आठवड्याला.

---

ओळंबा | रविवार, रात्री ८:५५

+१. आमच्या प्रायमाव्हेरात (साइटवरचं आमचं सॉफ्टवेअर) डेटा डेट, म्हणजे तिथली स्टेटस डेट, पुढे सरकवून शेड्यूल चालवलं की उरलेलं काम आपोआप त्या तारखेच्या उजवीकडे जातं. बाकी शंभर बाबतीत ते छळतं, पण या एका बाबतीत मला तेच आवडतं.

---

बोरू | सोमवार, सकाळी ७:५०

शुभेच्छा, मधलीसुट्टी! १४३ ओळी स्क्रीनवर लावू नका. १०-१२ माइलस्टोन आणि क्रिटिकल पट्ट्या एवढंच फिल्टर करून दाखवा, पूर्ण फाईल हाताशी ठेवा.

---

मधलीसुट्टी | सोमवार, रात्री ९:०५

झाली मीटिंग.

बोरू यांचं ऐकलं, ११ माइलस्टोन दाखवले. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे "गेल्या सोमवारी सगळं हिरवं होतं, एका आठवड्यात काय केलंत?" मी जुनी फाईल उघडली, सगळ्यांसमोर डेटा साफ करायची पट्टी ३० दिवसांनी वाढवली. गो-लाइव्ह हललं नाही. नव्या फाईलमध्ये तेच केलं, सगळी रांग धावत पुढे गेली. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्यानंतरची चर्चा मात्र वेगळीच झाली. रंगांवर कुणी वाद घातला नाही. जुन्या बंद खात्यांचा डेटा पहिल्याच दिवशी हवा का, असं हिशेबाच्या माणसानेच विचारलं. नको, दुसऱ्या टप्प्यात चालेल, असं ठरलं. तिथे साफसफाईचे ४ दिवस कमी झाले. मी खुशीत ४ वजा केले, तर −६चं −३च झालं. काका, तुमचा फील्ड जुळवणीचा किस्सा अक्षरशः माझ्या स्क्रीनवर!

उरलेले ३ दिवस कुठून काढायचे ते गुरुवारपर्यंत सांगायचं आहे. तारीख हलवायला वरचे तयार नाहीत. डायरेक्टर जाताना एवढंच म्हणाले की तो उण्याचा आकडा काढून टाकला तर चार्ट जास्त चांगला दिसेल.

---

ओळंबा | सोमवार, रात्री ९:२०

काढू नका. जुळवणी कोण करतंय? त्याला उद्या सकाळी शेजारी बसवा.